जुनी जागा लगेच पुसायची नसते

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या ‘उखळ’ महिला गृहउद्योग संस्थेच्या संस्थापिका आदरणीय मथुराबाई, शब्दाला मान देऊन आलेले शेजारच्या वाचनालयाचे ग्रंथपाल हरिदास सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो त्या सत्कारमूर्ती वैजयंतीताई, त्यांना न्यायला नाशिकहून आलेले चिरंजीव ऋतुराज, चटणी विभाग, पॅकिंग विभाग आणि अर्थातच माझा लाडका भाकरी विभाग! बायांनो, मागं पंख्याखाली बसलेल्यांना ऐकू येतंय ना? येतंय म्हणता, मग गप्पा बंद करा.

मी सिद्धेश्वरी. भाकरी विभाग सांभाळते. मला भाषणाची सवय नाही, असं सगळेच वक्ते सुरुवातीला म्हणतात. मी म्हणणार नाही, कारण तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत माझं भाषण ऐकूनच तुम्ही भाकऱ्या थापता.

वैजयंतीताई आपल्या व्यवस्थापिका म्हणून आल्या तेव्हाची गोष्ट सांगते. जुळे सोलापूरहून स्कुटीवरून यायच्या, चेहऱ्याला स्कार्फ, हातात पांढरे मोजे. मी गुरम्माला म्हटलं, ही बाई आपल्या भवानी पेठेत टिकायची नाही. चटणीचा एक ठसका बसला की घरी पळेल. अहो, टिकल्या कसल्या? आम्हालाच शिस्तीला लावलं. कांडण झालं की उखळ पुसायचं, परात पुसायची, कोपरा पुसायचा. आम्ही त्यांचं नाव फडकेवाली ठेवलं होतं. ताई, हे तुम्हाला आज कळतंय का? हसताय म्हणजे माहीत होतं.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे नमुन्याची बरणी. चटणीचा प्रत्येक घाणा निघाला की त्यातली एक छोटी बरणी बाजूला काढायची, वर तारखेची चिठ्ठी लावायची. उद्या कुणा गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर तीच बरणी उघडून चव बघायची. पण ही बरणी आपल्या इमारतीत ठेवायची नाही. का? तर इथं आग लागली, पाणी शिरलं, उंदीर आले, तर मालही जाईल आणि नमुनाही जाईल. म्हणून बरण्या ठेवायच्या गल्लीपलीकडं, आपल्या चटणी विभागाच्या गुरम्माच्या घरी, तिच्या फळीवर. महिना उलटून गेलेल्या बरण्या गुरम्मानं काढून टाकायच्या. टाकायच्या म्हणजे फेकायच्या नाहीत हो, चटणी काय महिन्यात खराब होते? नात्यागोत्यात वाटायच्या. गुरम्माच्या माहेरी, अक्कलकोटला, अजून कुणी विकतची चटणी खाल्लेली नाही.

एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर गेल्या वर्षी श्रावणात आपल्याकडं धम्मप्रिया कामाला लागली. वेबसाइट सांभाळायला. मथुराबाईंनी तिला आधी हंगामी घेतलं आणि सांगितलं, काम बघू, मग कायम करू. पोरीच्या घरी तिच्या एकटीच्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललेलं. त्यामुळं ती पहिल्या दिवसापासून अशी जपून वागायची की खुर्चीवरसुद्धा अर्धीच बसायची.

आणि वेबसाइट आपली कशी होती? अगागा! भाकरी थापून, तव्यावर टाकून, फुगून खाली उतरायची, तरी पान उघडलेलं नसायचं. दिवाळी उलटल्यावर धम्मप्रिया म्हणाली, जागा बदलायला पाहिजे. मथुराबाई म्हणाल्या, कसली जागा? तिनं समजावलं, वेबसाइट म्हणजे आपलं दुकान, पण ते ज्या संगणकावर असतं ती जागा भाड्याची. तिला होस्टिंग म्हणतात. आपली जागा जुनी आणि कोंदट झालीय, सामान उचलून नव्या जागेत न्यायचं. मथुराबाईंना घर बदलणं बरोबर कळतं. त्यांनी लगेच विचारलं, मग नारळ कधी फोडायचा?

नारळ फोडला. संगणकावर पाणी उडू नये म्हणून बाहेर पायरीवर फोडला, एवढा आधुनिकपणा आम्ही दाखवला. धम्मप्रियानं जुन्या जागेतल्या सगळ्याची नक्कल काढली, नव्या जागेत चढवली. फोटो आले, पानं आली, मथुराबाईंचा हार घातलेला फोटोसुद्धा आला. पेढे वाटले. धम्मप्रिया जाताना ताईंना म्हणाली, “मॅडम, जुनी जागा अजून महिनाभर तशीच राहू द्या.”

आता बघा. आपण भाड्याचं घर सोडतो तेव्हा काय करतो? झाडून काढतो, खिळे उपटतो, मोरी धुतो आणि मग किल्ली देतो. मालकानं मागं नाव ठेवायला नको! आणि ताई म्हणजे तर ताई. त्यांना काही राहवेना. दुसऱ्याच्या जागेत आपला पसारा महिनाभर ठेवायचा? शोभतं का ते? धम्मप्रिया घरी गेली आणि ताईंनी बसून जुनी जागा झाडून पुसून लख्ख केली. एक कण ठेवला नाही. वर त्या कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या ऑर्डरीची चिठ्ठी मागितली, तर धम्मप्रियाच्या तोंडचं पाणी पळालेलं. दुकान नव्या जागेत दिसत होतं, पण गिऱ्हाइकांचं दप्तर आलंच नव्हतं. नक्कल काढताना ती फाइल मध्येच तुटली होती. कोण गिऱ्हाईक, कुठं राहतं, कुणाला काय आवडतं, सगळं गायब. परत आणायला जुन्या जागेत बघावं, तर तिथं लख्ख पुसलेलं. आणि हरिदास सर, तुम्हाला सांगते, आपलं दुकान चालतं ते या आवडीनिवडीवर. माढ्याच्या धनाजीरावांना दात नाहीत, त्यांना कडक भाकरीचा चुराच जातो. पुण्याच्या एका बाईंना लसूण चालत नाही. कुणाच्या सुनेला तिखट लागतं आणि सासऱ्याला सोसत नाही, म्हणून एकाच घरात दोन बरण्या जातात. हे सगळं त्या फाइलीत.

मग काय, इथं कोर्टच बसलं. मथुराबाई... बाई, तुम्ही अध्यक्षा आहात, माझं बोलणं मनावर घेऊ नका, पण त्या दिवशी तुम्ही लई कडाडलात. “दुकान बुडवलंस! उद्यापासून येऊ नकोस!” पोरगी मान खाली घालून उभी. तिला ठाऊक होतं की जुनी जागा कुणी पुसली. पण तिनं चकार शब्द काढला नाही. मला तर वाटलं हिनंच पुसलंय. मीपण दोन शब्द सुनावले, खोटं कशाला बोलू?

एवढ्यात ताई बँकेतून आल्या. पिशवी खाली ठेवली आणि दारातूनच म्हणाल्या, “थांबा. जुनी जागा मी पुसली. तिनं मला नको म्हणून सांगितलं होतं. काढायचं असेल तर मला काढा.”

काय हो, किती व्यवस्थापक असे बोलतात? हाताखालच्या माणसाच्या गळ्यात घोंगडं टाकून मोकळं होणं किती सोपं होतं! पोरगी तर काही बोलणार नव्हती. ताई, त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला होता. आज सगळ्यांदेखत करते.

जुन्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, तुम्हीच पुसलंत, आमच्याकडं काही उरलं नाही. आणि आभाराचं पत्र मिळालं, धन्यवाद!

मग धम्मप्रिया हळूच म्हणाली, “मॅडम, एक नमुन्याची बरणी आहे.” आम्हाला कळेना, ही चटणीचं काय काढतेय. तर ताईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथं जे काही बनतं त्याचा नमुना गुरम्माकडं जातो. पोरीनं ते तंतोतंत पाळलं! कामाला लागली तेव्हा कशालाही हात लावण्याआधी तिनं सगळ्या वेबसाइटची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळला, हलू नये म्हणून बरणीत शेंगदाण्यांत खुपसला, वर तारखेची चिठ्ठी लावली आणि बरणी गुरम्माच्या फळीवर ठेवून आली.

आम्ही सगळ्या वरात काढून गुरम्माकडं. गुरम्मा म्हणाली, “शेंगदाण्याची बरणी व्हय? श्रावणातली तारीक हुती की तिच्यावर. म्हैना कवाच उलटला. म्या अक्कलकोटला धाडली, वीरभद्रप्पाकडं!”

नियम म्हणजे नियम. गुरम्माची काय चूक?

ताईंनी स्कुटी काढली, धम्मप्रियाला मागं बसवलं आणि थेट अक्कलकोट गाठलं. पुढचं मला धम्मप्रियानं सांगितलंय. गुरम्माचे भाऊ वीरभद्रप्पा दारातच उभे. पहिला प्रश्न काय? “ऊटा आयतेनरी?” म्हणजे जेवलात का? ताई म्हणतात, बरणी कुठाय? ते म्हणतात, आधी बसा. ताई म्हणतात, शेंगदाणे? ते म्हणतात, “शेंगदानं पोरांनी खाल्लं की. लई ग्वाड हुतं.” धम्मप्रिया तिथंच रडायला लागली. तेव्हा वीरभद्रप्पा घाबरून म्हणाले, “अवो रडू नगा, परत देतो शेंगदानं! आन त्यात एक कायतरी वस्तू घावली बगा. कुनाची हाय ठावं न्हाई, म्हून देवाजवळ ठिवली.”

देवघरात, समईच्या शेजारी, हळदीकुंकू वाहिलेला पेनड्राइव्ह! त्यांच्या घरातली पोरं रोज त्याला नमस्कार करत होती म्हणे. आणि एवढं होऊनही वीरभद्रप्पांनी हुग्गी खाल्ल्याशिवाय दोघींना सोडलं नाही. इथं आमचा जीव टांगणीला आणि तिथं दोघी गव्हाची खीर ओरपत बसलेल्या!

पेनड्राइव्ह चालला. कुंकू झटकून लावला आणि चालला. श्रावणापर्यंतची सगळी गिऱ्हाइकं परत आली. त्यापुढची? ती माझ्या या बायांनी सांगितली. एक म्हणाली, दिवाळीत बार्शीच्या बाईंनी जाड भाकरी मागितली होती. दुसरीला कोल्हापूरचा पत्ता पाठ. काही पत्ते व्हॉट्सॲपवर सापडले. ताई विचारत होत्या, धम्मप्रिया टाइप करत होती, आणि मथुराबाई स्वतः चहा करून देत होत्या. चहा देता देता त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “उद्यापासून ये. कायमची ये.” बाई, हे मी मुद्दाम सांगतेय, नाहीतर नुसतं कडाडलेलंच लोकांच्या लक्षात राहील.

आता ताई नाशिकला निघाल्या. ऋतुराज, तुमच्या आईला नेताय, न्या. हक्क तुमचा आहे. पण मला विचाराल तर मला त्या जायला नको आहेत. स्पष्टच सांगते. परवा मला एकटीला गाठून ताई म्हणाल्या, “सिद्धेश्वरी, या वयात नव्या गावात माझं मन लागेल का गं?” मी उत्तर दिलं नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच पिठाच्या गोणीवर ओरडले.

उत्तर आज देते. आज सकाळी मी ऑफिसात गेले तर काय बघते? टेबल लख्ख. कपाट रिकामं. चहाचा कप धुऊन उपडा घातलेला. फडकं घडी करून ठेवलेलं, आणि किल्ल्या माझ्या हातात! म्हणजे जुनी जागा पुन्हा झाडून पुसून मोकळी! ताई, त्या प्रसंगातून काही शिकलात की नाही?

धम्मप्रिया, उभी राहा गं. सांग त्यांना, जुनी जागा कधी रिकामी करायची असते?

ऐकलंत? “नव्या जागी सगळं नीट चालतंय, याची खात्री झाल्यावर.” बायांनो, टाळ्या वाजवा की!

म्हणून दुपारी मी तुमचा कप परत टेबलावर ठेवला आहे. फडकं खिळ्याला टांगलं आहे. वेबसाइटवरचं तुमचं खातं धम्मप्रियानं चालू ठेवलं आहे. तुम्ही नाशिकला जा, नातवंडांत रमा, आणि तिथं सगळं नीट उघडतंय का ते निवांत बघा. मन लागलं तर आम्हाला आनंद आहे. नाही लागलं, तर इथलं काही पुसलेलं नाही.

हरिदास सर वेळात वेळ काढून आले, मथुराबाईंनी मला एवढं बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी गप्पा मारत का होईना ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुठं तिखट जास्त पडलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. जिभेला सवय चटणीच्या गावाची आहे.

आणि ही बघा नमुन्याची बरणी. आत शेंगदाणे आहेत, आणि शेंगदाण्यांत ताईंच्या ऑफिसच्या किल्ल्या आहेत. गुरम्मा, ही धर आणि फळीवर ठेव. चिठ्ठीवर नुसतं नाव लिहिलंय, वैजयंतीताई. तारीख घातलेली नाही. ही बरणी अक्कलकोटला धाडायची नाही.