आयची मेथी अन् सायबाचं जतन

...तर मग जतन म्हंजे काय, ते तरी मला कुनी नीट सांगंल का? तुमाला सांगतो, मला आदी ठावं आसतं तर त्या सायबाला मी तंबूच्या दोरीला हात लावू दिला नसता... बसा, बसा, ऐका तर.

आपला तंबूचा शिनेमा. बारामतीचा बाजार झाला की सुपं, सुप्याची जत्रा झाली की इंदापूर, गाडीत मशीन अन् मागं मी, संभाजी वरकुटेकर. स्वराज्य आलं, बोलपट तर त्याच्या आदीच आलं, पर माझ्याकडं दोन जुनी मुकी चित्रं हायेत... म्हंजे व्हती. एक मारामारीचं, त्ये आमचा तंबू ठोकनाऱ्या मानसिंग पैलवानाचं लाडकं. दुसरं राजारानीचं. त्या राजारानीत माझी आय हाय!

हसू नका. मी रांगत व्हतो तवा शिनेमाची कंपनी डाळजला भीमेच्या काठी आली. राजा घोड्यावर बसलाय, रानी रडतीया, अन् माझी आय, प्रयागबाई, मेथीची पाटी घिऊन बाजाराला निघालेली, ती मधनंच चालली. तिला काय ठावं शूटिंग? वाट तिची रोजची. दम खायाला पाटी खाली ठिवली तर घोड्यानं मेथीत तोंड घातलं, अन् आयनं घोड्याला सोडून राजाला धरलं. मुकं चित्र, आवाज न्हाय, पर वठ हलत्यात, अन् त्ये समद्या तंबूला पाठ, "मुडद्या, मेथी काय तुज्या बानं लावली व्हती?" म्हातारी, बाया, पोरं, समदी एका सुरात. आय जाऊन लई वरसं झाली. घरात तिचा एक फोटू न्हाय. हाय ती एवढीच, राजाला झापताना.

पर रीळ जुनं. दर खेळाला तुटायचं. तुटलं की जोडायचं, अन् जोड दिला की दोन बोटं आय कमी. पदर सावरायची, त्ये मागच्या जत्रंत गेलं. म्हटलं, आसंच चाललं तर येक दिवस नुसता घोडा ऱ्हाईल.

तवाच त्यो सायेब आला. कुठल्याशा कमिटीचा, पुण्याकडनं. "जुन्यांपैकी एक महत्त्वाचा चित्रपट निवडायचा आहे. राष्ट्रासाठी जतन करायचा." झालं, बारामतीत दोन्ही चित्रं लावली. मानसिंग म्हनतोय, "सायेब, मारामारीचं न्या, ह्यात धोबीपछाड हाय, फुडच्या पोरांना कामाला यील." कुशाबाई, माझी चुलती, उठली, "गप रं. सायेब, प्रयागाला न्या." सायेब म्हनतोय, "अहो बाई, कलात्मक मूल्य बघावं लागतं..." चुलती म्हनती, "मूल्याचं इचारू नगा, जुडीवर चार काड्या जादाच द्यायची ती."

तेवढ्यात आय आली पडद्यावर, अन् समदा तंबू कडाडला, "मुडद्या, मेथी..." सायेब दचकला, मग हसत सुटला, चष्मा काढून डोळं पुसलं. "हाच. मुक्या चित्रपटाला एवढा आवाज मी कुठं ऐकला नाही."

मी नारळ फोडला, पेढं वाटलं. म्हटलं, "सायेब, आता नवं करून कवा धाडताय?" तर म्हनतोय, "नवं कसलं? हा डब्यात बंद, थंड खोलीत राहणार. पुन्हा मशीनवर चढवायचा नाही. झिजतो."

आता जतन म्हंजे काय, तुमीच सांगा. आमी करत न्हाय व्हय जतन? आय मेथीचं बी राखायची, मडक्यात, राख घालून. पर वाफा झाला की मडकं उघडायची. बी राखायचं ते पेराय, का मडकं बघत बसाय?

वाटलं, सायबाच्या हातातला उघडा डबा हिसकून घ्यावा. घातला बी हात. पर रिळावरनं बोट फिरलं, अन् जोड लागलं, जोडावर जोड... सोडला हात. माझ्याकडं ऱ्हाईली तर मीच तिला तुकड्यातुकड्यानं संपवनार, व्हय का न्हाय?

गाडीत बसताना इचारलं, "सायेब, कवातरी भाईर काढनार का न्हाय?"

"काढू ना. काही विशेष प्रसंग असला की."

मला हसू फुटलं अन् रडू बी. आवो, आयचं एक जरीकाठी लुगडं व्हतं, जल्मभर पेटीत. नेस की गं म्हटलं की म्हनायची, "ऱ्हाऊ दे, ठेवनीतलं हाय, कायतरी विशेष आसंल तवा नेशीन." अन् अंगावर कायम दंड घातलेलं, फाटकं शिवून जोडलेलं.

आता आयच ठेवनीतली झाली. आमच्या अंगावर ऱ्हायलं मानसिंगाचं धोबीपछाड... त्येच आता रोज नेसायचं.