तारीख आतल्या बाजूला

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. वहिनी. तात्या. पद्मजा. शिरोळच्या मळ्यावरनं आलेली भावकी. भूपालच्या मशीनशॉपमधली माणसं. आणि आपल्या रविवारच्या गाडीवाल्या टोळीतले तुम्ही सगळे, जे आज गाड्या लांब लावून, मान खाली घालून मागच्या रांगेत बसलाय.

मला पाच मिनिटं दिल्यात. जास्ती लागतील. मधी कुणी चिठ्ठी पाठवू नका, हात जोडतो. एकदा थांबलो तर परत तोंड उघडायचं धाडस मला हुणार न्हाय.

मी प्रकाश कांबळे. शिरोली नाक्यावर माझं टायरचं दुकान हाय. भूपाल मगदूम आणि मी आयटीआयला एका बाकावर होतो. त्यो टर्नर, मी फिटर. त्याच्या फोटोला हार घातलाय, दिवा लावलाय, आणि मी त्याच्याकडं पाठ करून उभा हाय. मुद्दाम उभा हाय. का, ते थोड्या वेळानं कळंल.

माझ्या आधी तिघं बोलले. एकजण म्हणाले, वेगाचं वेड वाईट. दुसरे म्हणाले, पन्नाशी उलटलेल्या माणसानं असली गाडी चालवावी का. आणि तात्या, थोरला भाऊ म्हणून तुम्ही म्हणाला, त्या गाडीनं माझा भाऊ खाल्ला, उद्या सकाळी गॅसकटर आणून तिचं तुकडं करतो. हॉलमधल्या माना हलल्या. मी बघितल्या. वहिनींची बी हलली.

तात्या, उद्या सकाळपर्यंत मी गप्प बसलो तर मी सुटलो. कायमचा सुटलो. म्हणून आजच बोलायचं हाय.

पण आधी त्या गाडीचं सांगू द्या. तुमच्यातल्या लई जणांनी मला ह्या बारा दिवसांत विचारलं, त्या गाडीत असं होतं तरी काय? माणसं दोनच बसणार. डिकी पुढं, इंजिन पाठीमागं. खड्ड्यातनं गेली की मणका मोजून घ्यावा. कशापायी एवढा जीव लावायचा?

भूपाल तिच्या कंपनीचं नाव कधी घेत न्हवता. नुसतं 'ती'. 'ती आज खोकली.' 'तिला जरा बाहेर फिरवून आणतो.' वहिनी म्हणायच्या, माझ्याबद्दल बी कवातरी असं बोला की. म्हणून मी बी आज नाव घेत न्हाय. ज्यांना तिचा नाद हाय त्यांना नाव लागत न्हाय.

सांगलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तरुणपणी ती जर्मनीहनं आणलेली. मग कित्येक वर्षं शेडमधी पडून. सीटवर कोंबडी अंडी घालायची. आम्ही त्यांचा जनरेटर बघायला गेलतो. भूपालनं ताडपत्री बाजूला केली, खाली वाकला, इंजिनच्या बुडाशी हात घातला आणि तसाच राहिला. मी म्हटलं, 'काय इंचू चावला काय?' तर म्हणतो, 'पक्या, हात घाल.' घातला. 'काय लागतंय?' मी म्हटलं, 'काय न्हाय. गुळगुळीत हाय.'

'तेच की,' म्हणाला. 'हितं कोण बघणार हाय? ह्यो भाग एकदा बसला की आयुष्यात कुणाच्या नजरंला पडायचा न्हाय. आपण बाहेरनं पॉलिश मारतो, आतनं चालतंय म्हणून सोडून देतो. त्यांनी आत बी हात फिरवलाय. कुणीतरी बसून फिरवलाय.'

फौंड्रीच्या भट्टीपुढं वाढलेल्या माणसाला प्रेमात पडायला दुसरं कारण लागत न्हाय. आमच्या टोळीत ज्याचं त्याचं कारण वेगळं. कुणाला आवाज आवडतोय. कुणाला आकार. ह्या कंपनीच्या आजा, बाप, नातू गाड्या शेजारी उभ्या करा, एकाच घरातल्या दिसतात. किल्ली डाव्या हाताला, कारण पूर्वी शर्यतीत पळत येऊन बसायचे, डाव्या हातानं किल्ली फिरवायची, उजव्यानं गिअर टाकायचा आणि निघायचं. आता कोण पळत येतंय? पण किल्ली डावीकडंच ठिवलीय. भूपालला मात्र हेच एक. हितं कोण बघणार हाय, असं म्हणून ज्यांनी सोडलं न्हाय, त्यांची गाडी. मशीनशॉपमधल्या पोरांनी जॉब आतनं खडबडीत ठेवला की तेच ऐकवायचा. ऐकलंय न्हवं तुम्ही? व्हय. माना हलवा की. ऐकलंय.

त्यानं ती डॉक्टरांकडनं घेतली आणि सहा वर्षं खपून उभी केली. मिळाले ते भाग मागवले, न मिळालेले स्वतः लेथवर काढले. आणि एक रीत घालून दिली. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही जमायचो. गाडी सुरू केली की दोन मिनिटं कुणी बोलायचं न्हाय. तेल गरम व्हायला पायजे, हे एक. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. 'ह्या दोन मिनिटात ती बोलती. कुठं दुखत असंल तर आत्ताच सांगती. आपणच बडबडत बसलो तर कळायचं कसं?' एखादं नवीन पावणं फोनवर बोलायला लागलं तर डोळे वटारायचा. मी चिडवायचो, 'सामायिकाच्या ध्यानाला अठ्ठेचाळीस मिनिटं बसतोस, आणि हिला दोनच?' म्हणायचा, 'आत्मा थांबतोय पक्या. तेल थांबत न्हाय.'

गाडीतला एक एक नट त्यानं स्वतः तपासला. एक गोष्ट सोडून. टायर. टायर म्हणजे पक्याचं काम. त्यात त्यानं कधी बोट घातलं न्हाय.

आता नीट ऐका. एकेक शब्द स्पष्ट बोलतो.

तिच्या एका जुन्या फोटोत होती तीच नक्षी त्याला टायरवर पायजे होती. ती सहजासहजी मिळत न्हाय. मी दोन वर्षं शोधली. ह्या उन्हाळ्यात एका जुन्या सामानाच्या शौकिनाकडं जोडी सापडली. न वापरलेली. कागद गुंडाळलेला. नव्या टायरवर बारीक रबरी केसं असतात, ती बी तशीच.

जे ह्या धंद्यातले न्हाईत त्यांना सांगतो. टायर न पळता बी म्हातारं होतंय. रबर आतल्या आत वाळतंय. म्हणून टायरच्या कडेला चार आकडे असतात, कोणत्या सालातल्या कितव्या आठवड्यात बनलं त्याचे. पूर्ण आकडे बहुतेक एकाच बाजूला असतात. नक्षीकडं बघू नका, तारीख बघा, असं मी रोज गिऱ्हाइकाच्या कानीकपाळी ओरडतो. दुकानात तशी पाटी लावलीय.

मी ती तारीख वाचली. टायर चौदा वर्षांचं होतं. कडा वाकवली की केसासारख्या चिरा दिसत होत्या. माझ्या डोळ्यांनी बघितल्या.

परत द्यायला पायजे होतं. दिलं न्हाय. का? मला भूपालचं तोंड बघायचं होतं. आणि खरं सांगू? मला बी ती त्या टायरवर उभी राहिलेली बघायची होती. रविवारी मंडळी वाकून बघतील, म्हणतील, ही नक्षी कुठनं पैदा केली? आणि भूपाल माझ्याकडं बोट दाखवंल. एवढ्यासाठी. ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला असली चूक करणार न्हाय. त्याला टायर पळवायचं असतंय. मिरवायचं आमच्यासारख्या नादखुळ्यांना असतंय.

आणि बसवताना मी तारखेची बाजू आत केली.

आत. गाडीखाली. हितं कोण बघणार हाय?

त्यानं एकदाच विचारलं, 'नवं हाय न्हवं?' मी म्हटलं, 'न वापरलेलं हाय.' त्याचं समाधान झालं. आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. दुसऱ्या दिवशी ते म्हणताना माझी जीभ अडखळली न्हाय. मी मनाला समजावलं होतं, तू खोटं कुठं बोललास?

बसा तात्या. उठू नका. एवढं संपवू द्या, मग काय करायचं ते करा. मी कुठं जात न्हाय.

पर्युषण झालं की भूपाल दरवर्षी दुकानात यायचा. जैन मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. त्यांच्यात वर्षातनं एकदा सगळ्यांची माफी मागायची रीत हाय. तो हात जोडायचा, 'पक्या, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असंल तर उत्तम क्षमा.' आणि मी दरवर्षी तेच, 'आधी काय चुकलं ते सांग, मग बघतो.' यंदा बी आला. टायर बसवून तीन-चार महिने झालेले. गाडी दुकानासमोर उभी. त्यानं हात जोडले. मी म्हटलं, 'आधी काय चुकलं ते सांग.' तो हसला. गाडीत बसताना म्हणाला, 'तू बी कवातरी माग की लेका. काय झिजत न्हाय.'

तवा बोललो असतो तर? जॅक लावून अर्ध्या तासाचं काम होतं. अर्धा तास. मी त्याला चहा पाजला आणि जाऊ दिला.

आता त्या रविवारचं. आम्ही कागलच्या बाजूला निघालो, नेहमीसारखं. भूपाल पुढं, मी माझ्या गाडीत त्याच्या मागं. वहिनी, इकडं बघा. माझा काटा पंचाहत्तरवर होता. पंचाहत्तर. एक एसटी आम्हाला मागं टाकून पुढं गेली. तो पळवत न्हवता. तो गाणं म्हणत असंल, म्हणायचा गाडीत एकटा असला की.

मागचं उजवं टायर. आधी रबराची काळी पट्टी सुटली, ती उडून माझ्या काचेवर आपटली. इंजिन मागं, सगळं वजन मागं. गाडी फिरली ती दुभाजकावरच. शेवटपर्यंत तो स्टेअरिंग धरून होता. टायर फुटल्यावर ब्रेक दाबायचा नसतोय, त्यानं दाबला न्हाय, घाबरून काही केलं न्हाय. माणसानं करायचं ते सगळं त्यानं केलं. मी पोचलो तवा त्याचे हात अजून स्टेअरिंगवरच होते.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही मागं होता, काय दिसलं? मी म्हटलं, धुकं होतं. दिसलं न्हाय. धुकं न्हवतं. लख्ख उजाडलं होतं. त्यांनी गाडीची ठेवण बघितली आणि कागदावर लिहिलं, अतिवेग. डोळ्यानं बघणाराच आंधळा झाला तर दुसरं काय लिहिणार?

पद्मजा. मयताच्या दिवशी तू मला विचारलंस, 'काका, पप्पा खरंच पळवत होते का?' मी तुझ्या डोक्यावर हात ठिवला आणि तुझ्यापास्नं बाजूला गेलो. त्याचं उत्तर आज देतो. न्हाय, पोरी. तुझा बाप पळवत न्हवता. तुझ्या बापाला वेड न्हवतं लागलं. गावभर जे बोललं जातंय ते सगळं माझ्या गप्प बसण्यातनं आलंय. कॉलेजात कुणी काय म्हटलं तर सांग, माझा बाप पंचाहत्तरनं चालला होता. बघणारा माणूस हाय म्हणून सांग. माझं नाव सांग.

तात्या, उद्या कटर आणू नका. तुमच्या भावाच्या बाजूनं बोलणारी ती एकटीच राहिलीय. ती मोडकी ठिवलीय त्या शेडमधी जावा, हातात बॅटरी घ्या, मागच्या उजव्या चाकापाशी जमिनीवर झोपून आत बघा. चार आकडे दिसतील. मी जबाब लिहून आणलाय, ह्या खिशात हाय. हितनं मी सरळ पोलीस ठाण्यात जाणार. कोण सोबत येणार असंल तर या, न आलात तरी जाणार. त्यानंतर गाडी ठेवायची का मोडायची, वहिनींनी आणि पद्मजानं ठरवावं. त्यात बोलायचा हक्क मला राहिला न्हाय.

झालं. तिघांच्या नंतर मला बोलायला बोलावलं, जवळचा मित्र म्हणून बोलावलं. चुकीच्या माणसाला बोलावलं असं वाटत असंल, तर वाटू द्या.

आता आपण दोन मिनिटं उभं राहूया. भूपालच्या रीतीनं. कुणी बोलायचं न्हाय, खोकला आला तरी गिळायचा. कुठं दुखत असंल तर ह्याच दोन मिनिटात कळतंय, असं तो म्हणायचा. मागच्या रांगेतल्यांनी बी मान वर करा. तुमच्या मित्रानं मान खाली घालण्यासारखं काही केलेलं न्हाय.

आणि मी आता फोटोकडं तोंड करतो.

भूपाल, तू माग म्हणालतास. उशीर झाला. तुमच्यात कळत-नकळत म्हणायची रीत हाय, पण मला त्यातलं नकळत म्हणता येत न्हाय. कळत चुकलं. वहिनी, पद्मजा, तात्या, कळत चुकलं.

उत्तम क्षमा, भूपाल.