गॅलरीतला झेंडा

आमच्या उमेदवाराचं तर मला काही सांगूच नका. इंदिरानगरला आमच्या गॅलरीत तीस वर्षं पक्षाचा झेंडा आहे. उन्हाने विटला की बायको नवा शिवते. सोसायटीने नोटीस दिली, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, पण आम्ही तो उतरवला नाही.

यंदा महापालिकेला आमचा उमेदवार घरी आला. चहा नको म्हणाला. गॅलरीकडे बघत हळूच म्हणाला, "काका, मतदान होईपर्यंत तेवढा झेंडा काढून ठेवाल?"

"का रे, कुणी तक्रार केली?"

"नाही हो. समोरच त्यांचं प्रचार कार्यालय आहे ना. उगाच त्यांच्या डोळ्यांवर येतं."

"अरे, तू त्यांच्याच विरोधात उभा आहेस ना?"

"हो, पण संबंध कशाला बिघडवायचे?"

बायको उठली. झेंडा काढला, नीट घडी घातली आणि त्याच्यापुढे धरला. "घे, तूच सांभाळ."

तो दोन पावलं मागे सरकला. "माझ्या हातात नको, काकू. खाली त्यांची माणसं उभी आहेत."

मत शेवटी त्यालाच दिलं. दुसरीकडे बोट जातच नाही, काय करणार? बाहेर आलो तर समोरच्या पक्षाचा एक कार्यकर्ता हसत म्हणाला, "काय काका, यंदाही तिकडेच ना?"

तीस वर्षं या प्रश्नाला मी छाती काढून उत्तर दिलं. या वेळी म्हणालो, "मतदान गुप्त असतं बाबा," आणि खाली मान घालून घरी आलो.