होडीतला तवा

दिंद्रुडच्या स्टँडवर एक नवरा-बायको धरणाकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. मासे धरायची त्याची एकट्यापुरती कयाक होडी धरणावरच ठेवलेली, बाकी सामान पायाशी. मला ऐकायचं नव्हतं, पण बाक एकच होता.

"अहो, तरंगायचं जाकीट कुठाय?"

"घरी ऱ्हायलं. वजन झालं की होडी डुलती, जगदेवी."

"पवता येत न्हाई अन् जाकीट घरी? मग गळाच्या तीन काठ्या कावून?"

"एखादी मोडली तर?"

"अन् पिशवीत काय खडखडतंय?"

"हात नको लावू!"

"तवा? तेल, मिरची... आपल्या घरात मासा चालत न्हाई. तुमी तर म्हणता, धरतो अन् सोडतो."

"लई बारका असला की सोडतो."

"अगं बया!"

"आईला सांगू नको. उठ, गाडी आली."

"जाऊ द्या ती. आधी घरून जाकीट आणा. तवा माझ्याकडं द्या."

"मग मासा?"

"घरी आणा. परसात चूल मांडते. सासूबाईंचं मी बघते."

"तुला वास चालंल?"

"तुमी परत येणार असाल, तर चालंल."