सेल्वीनं सांगितलं म्हणून

मी मूळची कराडजवळची. नर्सिंग केलं, लग्न होऊन मद्रासला आले, आमचे हे श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात आणि मी अण्णा नगरच्या एका दवाखान्यात, तीस वर्षं झाली लहान पोरांना लस टोचतेय. काय सांगू तुम्हाला ताई, वस्तीतल्या बाया कामाचा खाडा करून उन्हातान्हात येतात, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. त्याही घाबरायच्या, नाही असं नाही, पोराला ताप येतो म्हणायच्या, पण समजावलं की ऐकायच्या. आणि ही शिकलेली मंडळी! फोन पुढं धरतात आणि मलाच शिकवतात.

त्यातली एक माझ्याच पोटची. लेक-जावई दोघं सिरुसेरीला कॉम्प्युटरवर, नातू चौदा महिन्यांचा, गोवराची सुई नवव्या महिन्यातली, अजून दिलेली नाही. जावई म्हणतात त्याची स्वतःची ताकद तयार होऊ दे. लेक म्हणते आई, तुझं वाचन जुनं झालंय. अगं, तुला मीच टोचलं होतं, म्हणून तर धडधाकट बसलीयेस वाद घालायला. मी रडले, भांडले, महिनाभर अबोला धरला, दोघं ढिम्म. मग त्यांच्याच इमारतीत एका पोराला गोवर निघाला.

त्यांच्याकडं भांड्याला सेल्वी येते. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. घरी सहा महिन्यांची नात, तिला अजून ही सुई देता येत नाही. गोवराचं ऐकलं तशी तिनं लेकीकडं बाळाचं कार्ड मागितलं, वाचता येत नाही, पण कोऱ्या चौकोनावर बरोबर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आधी बाळाला टोचा, मग मी येते." आणि गेली. जावयांनी दुसरी बाई शोधली, तर अख्ख्या इमारतीतली एक यायला तयार होईना, सगळ्याजणींचं लिफ्टपाशी ठरलेलं.

चार दिवस काढले. भांड्यांचा ढीग, बाळ कडेवर, दोघांच्या मीटिंगा. पाचव्या दिवशी आले की मुकाट्यानं दवाखान्यात. सुई मीच हातात घेतली. टोचलं, पोरानं भोकाड पसरलं, मीही रडले. लेक म्हणते, "आई, सेल्वीनं सांगितलं म्हणून हं."

कपाळ माझं. परवा सेल्वीनं गोवर घरात शिरू नये म्हणून त्यांच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला, तर जावई म्हणतात ही अंधश्रद्धा. मी म्हटलं हात लावून तर बघा त्या डहाळ्याला. माझं नका ऐकू बाबांनो, सवय झालीय मला. देव त्या सेल्वीला शंभर वर्षं आयुष्य देवो. गोवराची दुसरी सुई अजून राहिलीय.