सासूबाईंचं झुरिकमधलं ‘होय’

तुम्हाला सांगते, झुरिकच्या चार दिवसांत माझ्या सासूबाईंच्या जेवढ्या ओळखी झाल्या, तेवढ्या माझ्या इथे अमेरिकेत, प्लेनोत नऊ वर्षांत झाल्या नाहीत.

आई मूळच्या साताऱ्याच्या. इथे आल्यापासून इंग्लिशच्या धाकाने मान खाली घालूनच वॉकला जायच्या. झुरिकला तळ्याकाठी एका चॉकलेटच्या दुकानात शिरलो, तर काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, “होय!”

आई थबकल्या. मग तिच्याहून जोरात म्हणाल्या, “होय!”

मुलीने लगेच चॉकलेटचा तुकडा पुढे केला.

मी हळूच म्हटलं, “आई, ते त्यांचं हॅलो आहे हो.”

“असेना का! होय म्हटलं की खायला देतात, अजून काय पाहिजे?”

मग काय विचारता! बोटीवर होय, वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवताना वेटरला होय, तळ्यातल्या हंसांनासुद्धा होय. आणि सगळे उलट होय म्हणत होते, यार! तळ्याचा तळ दिसेल इतकं नितळ पाणी, मागे बर्फाचे डोंगर, आणि मी आपली आईंकडेच बघत बसलेली.

प्लेनोला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या अमेरिकन आजोबांनी हात हलवून ‘हाय’ केलं. आईंनी मान वर करून खणखणीत “होय!” ठोकलं. आजोबा खूश.

घरात येऊन मला म्हणतात, “अगं, इथेही होयच म्हणतात की! फक्त यांचा उच्चार जरा कच्चा आहे.”