खुर्चीचे पट्टे आणि मावशींचा निरोप

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, व्यवस्थापक साहेब, डॉक्टर, रहिवाशांचे नातेवाईक, माझे सहकारी, पहिल्या रांगेतले आपले आजी-आजोबा, आणि ज्यांच्यासाठी हा समारंभ आहे त्या, अजूनही दाराशीच उभ्या असलेल्या, मावशी. मावशी, तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. आज तरी बसा.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि हातात हे मानपत्र. मानपत्र मीच लिहिलं आहे. वृद्धांच्या या केंद्रात जे काही लिहायचं असतं ते गेली अकरा वर्षं माझ्याच टेबलावर येतं: औषधांच्या नोंदी, भेटायला येणाऱ्यांच्या नोंदी, पडलेल्यांच्या नोंदी. त्यामुळे अक्षराबद्दल मला शंका नाही, मजकुराबद्दल आहे. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय, ‘सोळा वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.’ ही ओळ वाचण्याआधी मला थोडं बोलायचं आहे.

मावशी इथे नेमकं काय करतात, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? रोज दुपारी चार वाजता त्या एकेकाला खुर्चीतून उठवतात आणि लांब व्हरांड्यातून एक फेरी मारून आणतात. कुणाचा दंड धरत नाहीत. पाठीमागे, कमरेच्या जरा वर, उघडा तळहात ठेवतात, अंगाला न लावता. मी एकदा विचारलं, “मावशी, धरत का नाही?” त्या म्हणाल्या, “धरलं की माझ्यावर रेलतात हो बाई. मग पाय कुणाचे, त्यांचे की माझे?”

आपले टेलरकाका, चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेले, रोज त्यांना डिवचायचे, “मावशी, आज तुमचा वेग कमी आहे.” मावशी म्हणायच्या, “तुम्हाला कुठली गाडी पकडायची आहे? चला गुमान.” हसू नका काका, तुमच्याकडे यायचंय मला अजून.

गेल्या वर्षी दर्शनी भिंतीवर फलक लागला. ‘एकही जण न पडलेले दिवस’, आणि पुढे आकडा. तो आकडा रोज सकाळी मीच बदलायचे. खरं सांगते, मला अभिमान वाटायचा. दोनशे झाले तेव्हा आपण केक कापला. पण तो आकडा वाढत होता कशाने? खुर्चीचा पट्टा आधी फक्त दोघांना होता, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोडा वेळ, कुणीतरी समोर असताना. फलक लागल्यावर तो सहा जणांना झाला, मग अकरा जणांना. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आपल्या पाळीत आकडा शून्यावर यायला नको, एवढंच ज्याच्या त्याच्या मनात. बांधून बसवलेला माणूस पडणार कुठून? मावशी तेवढ्या चार वाजता पट्टे सोडायच्या, आणि बाकीचे सगळे जीव मुठीत धरून बघायचे.

मग गेल्या महिन्याची तेवीस तारीख आली. आता जे सांगणार आहे ते आजींना आणि त्यांच्या मुलाला विचारून सांगते आहे. मुलगा म्हणाला, “सगळ्यांसमोर सांगा.”

जेवणं उरकली होती. खिडकीपाशी बसणाऱ्या आजी खुर्चीतच खाली घसरल्या. पट्टा पोटावरून छातीवर सरकला आणि छातीवरून गळ्याशी आला. मावशी ताटं उचलायला गेल्या म्हणून दिसलं. त्यांनी पट्टा सोडला, आजींना वर घेतलं आणि मला हाक मारली. गळ्याखाली लालभडक वळ होता. आजी म्हणत होत्या, “कुणाला सांगू नका गं, मुलगा उगाच काळजी करेल.”

डॉक्टरांनी आजींना तपासलं. मी वही उघडली. वहीत रकाना होता पडण्याचा. आजी पडल्या नव्हत्या, पट्ट्याने त्यांना पडू दिलं नव्हतं. मी साहेबांना विचारायला गेले. ते म्हणाले, “पडल्या का? नाही ना? मग झालं तर.” आणि मी वही मिटली. साहेब, तुमचं बोलणं सांगून मी स्वतःची सुटका करून घेत नाही. पेन माझ्या हातात होतं. माझ्या घरच्या डायरीत त्या दिवसाचं पाऊण पान आहे, इथल्या वहीत एक ओळ नाही. घरी खरं लिहायचं आणि कामावर लिहायचं नाही, अशा बाईला काय म्हणायचं? मी स्वतःला अजून विचारतेच आहे.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, दोनशे तिसाव्या दिवशी, टेलरकाका व्हरांड्याच्या वळणावर पडले. मनगट मोडलं. ही नोंद मात्र मी पाच मिनिटांत केली, कारण तिला रकाना होता. फरशी नुकतीच पुसलेली होती. दोन मदतनीस रजेवर होत्या, म्हणून मावशींनी एकाच वेळी दोघांना चालवायला घेतलं होतं. ते चुकलं. हे मी म्हणत नाही, मावशींनी स्वतः येऊन लिहायला लावलं, “माझा हात दोघांना पुरला नाही, तसं लिहा.” काकांची मुलगी चिडली आणि तिचं चिडणं रास्त होतं. म्हातारपणी मोडलेलं हाड ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण काका प्लास्टर घालून घेताना काय म्हणाले ते तिनेच मला सांगितलं: “अगं, उभा होतो म्हणून पडलो. एवढं तरी माझ्या नावावर राहू दे.”

फलकावर शून्य आलं. दुसऱ्या दिवशी मावशींच्या निवृत्तीचं ठरलं. आणि सोमवारपासून सरसकट सगळ्यांना पट्टा, असा आदेश निघाला. त्याखाली नोंदी ठेवणारी म्हणून माझी सही लागते.

अध्यक्ष महोदय, ती सही मी करणार नाही.

मला शूर समजू नका. पण फरशी ओली राहणार असेल, माणसं कमी असतील, तर फरशी कोरडी करा, माणसं वाढवा. म्हाताऱ्या माणसाला बांधून ठेवायचं आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं, हे माझ्या अक्षरात पुन्हा लिहिलं जाणार नाही. आज सकाळी मी तेवीस तारखेची नोंद केली. वेळ, वळ, पट्टा, सगळं. नोंद उशिरा का झाली याचं कारणही लिहिलं, खाली माझी सही केली. त्यासाठी रकाना हाताने आखावा लागला.

आता या मानपत्राची दुसरी ओळ. मावशी, सगळ्यांसमोर विचारते. तुम्हाला जायचंय का?

नुसती मान हलवू नका, मागे बसलेल्यांना दिसत नाही. मोठ्याने सांगा.

ऐकलंत सगळ्यांनी? मग ‘स्वेच्छेने’ हा शब्द मी इथेच खोडते आहे. तो खोडला की निरोपाला कारण उरत नाही. पुढे काय करायचं ते विश्वस्तांनी ठरवावं, पण ते आजी-आजोबांच्या समोर बसून ठरवावं, एवढी विनंती.

साहेब, मला बोलू दिलंत, मध्येच माईक बंद केला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्ष महोदयांचे आभार, आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचेही. भाषणाची मला सवय नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

वही मी बाहेरच्या दाराजवळ टेबलावर उघडी ठेवली आहे. नातेवाईकांनी ते पान वाचल्याशिवाय घरी जाऊ नये.